तसूभर, गुंजभर, निळवेभर

'तसूभरही मागे हटणार नाही' हे वाक्य आपण सभेत ऐकतो, वर्तमानपत्रात वाचतो आणि वेळ आली तर स्वतःही म्हणतो. पण तसू म्हणजे नेमके काय, असे विचारले तर म्हणणारा क्षणभर थांबतो. 'थोडेसे', 'अगदी जरासे' असे उत्तर येते. गेली अनेक वर्षे मी हा प्रश्न शिक्षकांना, पत्रकारांना, वकिलांना विचारत आलो आहे. बरोबर उत्तर दिले ते बहुधा जुन्या सुतारांनी, गवंड्यांनी आणि शिंप्यांनी. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. साधारण इंचाएवढा.

मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी आठवडी बाजार हिंडत आणि रात्री कोश चाळत मी मापांचे शब्द गोळा केले. सुरुवातीला माझ्या वहीत तीन रकाने होते : शब्द, अर्थ, आजच्या हिशेबाने किती. पहिले दोन रकाने भरत गेले. तिसऱ्यात मात्र एकाच शब्दापुढे चार-चार आकडे जमू लागले आणि चारही खरे होते. असे का, याचा शोध घेताना जे हाती आले ते या लेखात मांडतो आहे.

तसूपासूनच सुरुवात करू. हा शब्द मुळात इराणातला. प्राचीन फारसीच्या पुढच्या पिढीतल्या भाषेत, म्हणजे पहलवीत, त्याचा अर्थ चौथा हिस्सा. कशाचा चौथा हिस्सा? तर दांग नावाच्या वजनाचा. दीनाराचे सहा दांग आणि दांगाचे चार तसू, म्हणजे दीनाराचा चोविसावा भाग तो तसू. अरबीत त्याचे रूप 'तस्सूज' झाले. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'त गजाचे चोवीस भाग करून प्रत्येकाला हेच नाव दिलेले आढळते. सोन्याच्या वजनाचा शब्द असा कापडाच्या लांबीला लागला. वजन गेले, धातू गेला, राहिला तो फक्त 'चोविसावा हिस्सा' हा संबंध. तिथून तो मराठीत आला, लाकडावर आणि दगडावर चालला आणि शेवटी निश्चयाच्या वाक्यात येऊन बसला.

लहान मापांच्या बहुतेक शब्दांची कथा अशीच आहे. नाव एका वाटेने जाते, परिमाण दुसऱ्या वाटेने. या दोहोंपेक्षा जास्त टिकते ते एका मापाचे दुसऱ्या मापाशी असलेले नाते.

बियांची वजने

सोनाराच्या तागडीतील सर्वांत ओळखीचे लहान वजन म्हणजे गुंज. लाल अंगाचे आणि काळ्या तोंडाचे हे बी. त्या काळ्या ठिपक्यावरून संस्कृतात त्याला 'कृष्णल' म्हणत, लाल रंगावरून 'रक्तिका'. रक्तिकेचीच पुढे रत्ती झाली. 'रतीभर'मधली रती तीच. आपल्याकडचे कोष्टक असे : आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा.

मासा हा शब्द 'माष'वरून आला. माष म्हणजे उडीद. इथे एक अडचण दिसते. उडदाचा दाणा गुंजेपेक्षा हलका असतो. मग उडदाच्या नावाचे वजन गुंजेच्या आठपट कसे? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही पाच कृष्णलांचा एक माष सांगितला आहे. म्हणजे विसंगती आजची नाही. तिचे उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. तिथे दोन वेगळे माष आहेत : धान्यमाष आणि सुवर्णमाषक. दहा धान्यमाष, किंवा पाच गुंजा, म्हणजे एक सुवर्णमाषक. उडदाचा दाणा गुंजेच्या निम्मा, हा हिशेब तागडीला पटणारा आहे. दहा दाण्यांच्या वजनाला त्या दाण्याचेच नाव मिळाले आणि 'दहा' हा आकडा शब्दातून गळून पडला.

पुढे मासाही वाढला. भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे इसवी सन ११५०च्या सुमारास, पाच गुंजांचाच माष सांगितला आहे. मराठी कोष्टकात तो आठ गुंजांचा झाला. शब्द तोच, बी तेच, वजन दीडपटीहून जास्त. भास्कराचार्यांनी आणखी एक बी-वजन दिले आहे : 'वल्ल', तीन गुंजांचे. हा आपला वाल. मुंबई-गुजरातकडच्या सराफीत वाल हे वजन पुष्कळ काळ चालले. आज वाल म्हटले की बिरड्याशिवाय दुसरे काही आठवत नाही.

मनुस्मृतीतील हे कोष्टक गुंजेच्या खालीही उतरते. जाळीच्या खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत जो धुळीचा कण तरंगताना दिसतो, तो 'त्रसरेणु'. आठ त्रसरेणूंची एक 'लिक्षा', तीन लिक्षांची एक काळी मोहरी, तीन काळ्या मोहऱ्यांची एक पांढरी मोहरी, सहा पांढऱ्या मोहऱ्यांचा एक जव आणि तीन जवांचा एक कृष्णल. यातली लिक्षा म्हणजे डोक्यातली लीख. मराठीत हा शब्द आजही आहे, पण तो वजन म्हणून एके काळी शास्त्रात बसला होता हे विसरले गेले. कोणताही सोनार लिखेने सोने तोलत नव्हता हे उघड आहे. पण कोष्टक करणाऱ्याला खालच्या टोकाला काहीतरी डोळ्यांना दिसणारे हवे होते. उन्हातला कण ही दिसण्याची शेवटची हद्द. तिच्यापासून मोजणी सुरू केली.

आता तोळा. 'तुला' म्हणजे तागडी, त्याच कुळातला हा शब्द. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. तो आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम होतो. १८३५च्या कायद्याने चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा झाला, म्हणून 'रुपयाभार' म्हणजे एक तोळा हे समीकरण घरोघर रुजले. आज सराफाच्या दुकानात मात्र तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. पणजीच्या काळच्या कागदात 'पाच तोळ्यांच्या पाटल्या' असे लिहिले असेल, तर त्या ५८ ग्रॅमच्या वर भरायला हव्यात. आज कुणी नातसुनेला 'पाच तोळे' दिले तर ते ५० ग्रॅम. मधले आठ ग्रॅम कोणी खाल्ले नाहीत. शब्द तिथेच राहिला आणि खालचे वजन बदलले. वाटणीच्या वेळी हे ठाऊक नसेल, तर भावाभावांत विनाकारण संशय येतो.

हाताची मापे

वजनाला बी, तसे लांबीला आणि आकारमानाला आपले शरीर. बोटाची रुंदी ते अंगुळ. बारा अंगुळांची वीत, संस्कृत 'वितस्ति'. चोवीस अंगुळांचा हात. लीलावतीत अंगुळाचीही व्याख्या आहे : आडवे लावलेले आठ जव. हाताचे भाग चोवीस आणि गजाचे तसूही चोवीस. चोविसाला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा या सगळ्यांनी भाग जातो. कापड किंवा लाकूड निम्मे, तिसरा हिस्सा, पाव असे वाटताना अपूर्णांकात शिरावे लागत नाही. बारा, सोळा, चोवीस या संख्या जुन्या कोष्टकांत पुन्हा पुन्हा येतात त्या याच सोयीसाठी.

धान्यासाठी आणि औषधासाठी हाताचे वेगवेगळे आकार कामाला आले. दोन-तीन बोटांत मावेल ती चिमूट. मिटलेल्या हातात मावेल ती मूठ, संस्कृत 'मुष्टि'. एक तळवा पसरून खोलगट केला की पसा. हा 'प्रसृत'वरून आला, म्हणजे पसरलेला. दोन्ही तळवे जोडले की ओंजळ, 'अंजलि'. शार्ङ्गधराच्या वैद्यकग्रंथात याचे पक्के कोष्टक आहे : दोन पलांची एक प्रसृति, दोन प्रसृतींची एक अंजलि. जाता जाता एक खुलासा. ज्ञानेश्वरांच्या पसायदानाचा संबंध काही जण या पशाशी जोडतात, पसाभर मागितलेले दान म्हणून. कल्पना गोड आहे, पण तिथला 'पसाय' हा 'प्रसाद'चे प्राकृत रूप आहे. त्याचा मापाशी संबंध नाही.

शार्ङ्गधर याच अंजलीला दुसरे नाव देतो : कुडव. म्हणजे कुडव एक ओंजळ. लीलावतीतही कुडव हे धान्याचे सर्वांत लहान माप आहे. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण आणि सोळा द्रोणांची खारी. गुणाकार केला तर खारीत १,०२४ कुडव बसतात. आता गोव्यात या. तिथे कुडव हे धान्याचे भलेमोठे माप आहे आणि वीस कुडवांची खंडी होते. कोष्टकाच्या तळाशी असलेला शब्द जवळजवळ माथ्यावर जाऊन बसला. जुन्या कागदात 'दहा कुडव भात' असे दिसले आणि संपादकाने संस्कृत कोश उघडून दहा ओंजळी असा अर्थ लावला, तर एका कुटुंबाचा वर्षाचा खंड दोन दिवसांच्या जेवणाएवढा होईल.

पळ या शब्दाने तर जातच बदलली. 'पल' हे मुळात वजन, चार कर्षांचे. काळ मोजायला तळाला भोक पाडलेले तांब्याचे भांडे पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक घटिका. घटिका म्हणजे लहान घट. त्या घटिकेचे साठ भाग म्हणजे साठ पळे. ज्योतिषग्रंथांत 'पानीयपल' असा शब्द येतो, म्हणजे पाण्याचे पळ. अशा रीतीने वजनाचे नाव काळाला मिळाले. घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे. 'पळभर थांब' म्हणणारा खरे तर बराच वेळ मागत असतो.

पाव, नवटाक आणि सवाई

लहान मापांचे शब्द दोन प्रकारचे. काही वस्तूंची नावे आहेत : गुंज, वाल, मूठ. काही निव्वळ हिशेब आहेत. पाव हा 'पाद'वरून आला. पाद म्हणजे पाय. जनावराला चार पाय, म्हणून पाय म्हणजे चौथा हिस्सा. 'पाद' ज्यात ऊन आहे, म्हणजे कमी आहे, ते पाऊण. 'पाद' ज्याच्यासह आहे, ते सपाद, म्हणजे सव्वा. अर्धे ज्याच्यासह आहे ते सार्ध, म्हणजे साडे. आपण भाजी घेताना रोज हे पाय मोजत असतो.

नवटाक या शब्दात तर अख्खे गणित आहे. मुंबईच्या जुन्या वजनपद्धतीत शेराचे बहात्तर टांक होत. बहात्तराचा आठवा हिस्सा नऊ. म्हणून शेराचा अष्टमांश तो नव-टांक, नवटाक. उत्तरेकडच्या छटाकाचे गणित निराळे. छटाक म्हणजे छ-टांक, सहा टांक, आणि तो शेराचा सोळावा हिस्सा. सोळा सके शहाण्णव. म्हणजे ज्या शेराच्या पोटी छटाक हा शब्द जन्मला, त्याचे टांक शहाण्णव. दोन शब्द दोन वेगळ्या शेरांची साक्ष देतात. आज नवटाक म्हटले की लोकांना दारूचे माप आठवते. शब्दाला शेवटचा आसरा गुत्त्यात मिळाला, हेही त्याच्या इतिहासातच धरायला हवे.

शेर तरी एक होता का? मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि त्याचे चाळीस शेर, म्हणजे शेर सुमारे ३१८ ग्रॅमचा. बंगालचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. जवळजवळ तिप्पट. दोन्हींचा पाव 'पावशेर'च. मोल्सवर्थच्या कोशात १८३१ आणि १८५७ या दोन्ही आवृत्त्यांच्या वेळी ही विविधता जिवंत होती. म्हणूनच असे शब्द देताना 'अमक्याचा इतकावा भाग' असे सांगणे हीच कोशकाराची खरी वाट होती.

अपूर्णांकांचे हे शब्द शेतकऱ्याच्या अंगावर कसे येत, याचे उदाहरण म्हणजे सवाई आणि दिढी. पेरणीच्या वेळी बियाणे किंवा खायला धान्य उसने घ्यायचे आणि सुगीत परत करायचे. सवाईने घेतले तर मणाला सव्वा मण, दिढीने घेतले तर मणाला दीड मण. मधे पाच-सहा महिने. सव्वा म्हणजे पावाने जास्त, दीड म्हणजे निम्म्याने जास्त. कोष्टकात हे लहान शब्द आहेत. ज्याच्या खळ्यातून धान्य जाई त्याच्यासाठी ते लहान नव्हते.

निळवे ते पायली

माझ्या वहीतली सर्वांत आवडती पाने धान्याच्या मापांची आहेत. दोन निळव्यांचे एक कोळवे. दोन कोळव्यांचे चिपटे. दोन चिपट्यांचे मापटे. दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली किंवा अडशिरी. दोन अधोल्यांची पायली. त्यानंतर मण आणि वीस मणांची खंडी. मणाच्या पायल्या कुठे बारा तर कुठे सोळा. निळव्याला कुठे नेळवे म्हणतात, कुठे निठवे.

या साखळीचा गुण पाहा. निळव्यापासून पायलीपर्यंत प्रत्येक पायरी दुप्पट. म्हणजे आकडे न शिकलेल्या बाईलाही मापाची खात्री करता येत असे. चिपटे दोनदा ओतले आणि मापटे भरले, तर माप खरे. कमी पडले तर कुठेतरी लबाडी. तपासायला तागडी नको आणि इन्स्पेक्टरही नको. बाजारात मी ज्या म्हाताऱ्या विक्रेत्या बायांना भेटलो, त्यांपैकी एकीनेही मला चिपट्याचे ग्रॅम सांगितले नाहीत. 'चार चिपट्यांचा शेर' एवढे मात्र सगळ्यांनी न अडखळता सांगितले.

तरीही या मापात एक फट होती. 'काठोकाठ' आणि 'शिगोशीग' हे दोन शब्द आज आपण एकाच अर्थाने वापरतो. धान्याच्या मापात ते एक नव्हते. मापाच्या काठापर्यंत भरून वरून सपाट केले की काठोकाठ. काठाच्या वर धान्याचा जो शंकू उभा राहतो, ती शीग. ती धरून मोजले की शिगोशीग. 'भांडण शिगेला पोहोचले' यातली शीग तीच. आता या शंकूचे भूमितीतले वागणे लक्षात घ्या. धान्याचा ढीग ठरावीक उताराचाच राहतो. त्यामुळे माप उंच आणि अरुंद तोंडाचे असेल तर शीग लहान, बसके आणि रुंद तोंडाचे असेल तर शीग मोठी. तोंडाची रुंदी दुप्पट केली तर शीग आठपट होते. दोन मापांच्या पोटात नेमके तेवढेच धान्य मावत असले, तरी शिगेसह त्यांत पुष्कळ फरक पडतो. मग मोजणारा कोण, माप कोणाचे, शीग धरायची की नाही, यावर सगळे अवलंबून. घेणाऱ्याचे माप रुंद आणि देणाऱ्याचे अरुंद असले, तर दोघेही शपथेवर सांगू शकत की आपली पायली खरी आहे.

याच खळ्यावर मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत आहे. लाभ, दोन, तीन असे मोजत जायचे. शुभ म्हणून म्हणत, हे खरे. पण हा लाभ दोन बाजूंपैकी कोणाचा, हा विचार दीडपट धान्य परत करणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहिला नसेल.

कवडी, दमडी, आणा

नाण्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तीच रीत तिथेही आहे. लीलावतीच्या सुरुवातीलाच वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण आणि सोळा पणांचा द्रम्म असे कोष्टक आहे. म्हणजे द्रम्माच्या १,२८० कवड्या. 'कवडीमोल' हा शब्द नुसता तुच्छतादर्शक नाही, तो त्या कोष्टकातली तळची पायरी आहे. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म येतो. द्रम्म हा ग्रीक 'द्राख्मा'. त्याचाच पुढे दाम झाला आणि लहान दाम ती दमडी. ग्रीक भाषेत द्राख्मा म्हणजे मूठभर : नाण्यांच्या आधी लोखंडी सळया चलन म्हणून वापरत आणि अशा सहा सळया एका मुठीत धरता येत. 'एक दमडीही देणार नाही' म्हणणारा माणूस नकळत मुठीचीच भाषा बोलत असतो.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. म्हणजे रुपयाच्या १९२ पया. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पै गेली, पण 'पैपैचा हिशेब' राहिला. २०११च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणीही व्यवहारातून बाद झाली. आण्याला मात्र वेगळेच आयुष्य मिळाले. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, असे धरून महसूल खाते पिकाची आणेवारी लावी. नाणे बदलल्यावर तिची पैसेवारी झाली. वर्षानुवर्षे पैसेवारी पन्नासच्या आत आली की गाव टंचाईच्या सवलतींना पात्र ठरे. गावकऱ्यांना त्या पैशाने काही विकत घ्यायचे नव्हते. तरी एकोणपन्नास आणि एक्कावन यांच्यामधल्या दोन पैशांवर शेतसाऱ्याची सूट आणि पोरांची फी माफी अडकलेली असे.

आकडा आणि नाते

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याबद्दल हळहळ करणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याला रुंद तोंडाच्या पायलीने लुटले, त्याच्यासाठी किलो हा न्यायच होता. मुंबईचा किलो आणि कलकत्त्याचा किलो एकच. त्याला शीग नाही. हे फार मोठे काम झाले.

माझी तक्रार वेगळी आहे. जुनी पत्रे, वतनाचे कागद, देवस्थानाच्या नेमणुका, घरगुती जमाखर्च यांचे संपादन करताना आपण मापाच्या शब्दापुढे कंसात किलो-लिटरचा आकडा टाकतो आणि पुढे जातो. वाचकाला वाटते, अर्थ कळला. खरे तर तिथे अर्थ पुसला गेलेला असतो. कोणत्या गावची पायली, मणाच्या किती, शीग धरून की सपाट, खंड घेणाऱ्याचे माप की देणाऱ्याचे, हे सुटले तर तो आकडा दुप्पट किंवा निम्माही असू शकतो. त्या आकड्यावरून मग आपण म्हणतो की त्या काळी स्वस्ताई होती किंवा देणगी मोठी होती.

दुसरी गोष्ट शब्दांच्या नशिबाची. गुंजभर, रतीभर, तसूभर, कवडीमोल हे छापील मराठीत सुखरूप आहेत. निळवे आणि कोळवे नाहीत. दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या शब्दकोशात शोधणाऱ्याला असे शब्द भेटतील, पण लिहिताना 'निळवेभर' कोणी लिहीत नाही. सोने आणि कापड मोजणाऱ्यांचे शब्द पुस्तकात आले. उद्याच्या भाकरीपुरते पीठ आणणाऱ्या घरात निळव्यापर्यंत उतरावे लागे. त्या घरातून लिहिणारे कमी निघाले. म्हणून तो शब्द बोलण्यात राहिला आणि बोलणाऱ्यांबरोबर जातो आहे.

ज्यांनी स्वतः निळव्याने आणि कोळव्याने धान्य मोजले, ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात किंवा गावात असे कोणी असेल तर त्यांना विचारून लिहून ठेवा. माप लाकडाचे होते की पितळेचे? तोंड रुंद होते की अरुंद? त्याचे निम्मे काय, दुप्पट काय? शीग धरायचे का? धरायचे तर कोणाला देताना आणि कोणाकडून घेताना? मोजायला कोण बसायचे? किती ग्रॅम, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारा, आणि त्याचे उत्तर आले नाही तर ती जागा रिकामीच सोडा.